सुवाह्य डिजिटल एक्स-रे संच: महालक्ष्मीच्या एका हंगामानंतर

रेसच्या घोड्यांवर उपचार करणारा पशुवैद्य म्हणून मी नोव्हेंबरमध्ये हा बिनतारी डिजिटल एक्स-रे संच घेतला आणि एप्रिलअखेर घोडे पुण्याला रवाना होईपर्यंत मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या तबेल्यांमध्ये तो जवळपास रोज वापरला. पूर्वी कॅसेट घेऊन जाऊन प्रतिमा तयार होईपर्यंत गुंगीचे औषध उतरलेले असे. आता काही सेकंदांत प्रतिमा पडद्यावर दिसते आणि कोन चुकला असेल तर घोडा तसाच उभा असताना दुसरी घेता येते. संचाची किंमत माझ्या लेखी या एका गोष्टीने वसूल झाली.

खुराची तयारी मात्र कोणतेही यंत्र करून देत नाही. नालबंदाकडून नाल काढून, तळवा घासून, फ्रॉगच्या (तळव्यामधल्या त्रिकोणी, लवचीक भागाच्या) दोन्ही बाजूंच्या खाचांत मुलांच्या खेळण्यातली मऊ माती भरावी लागते, कारण खाचेत अडकलेल्या हवेची काळी रेघ खुरातल्या छोट्या नेव्हिक्युलर हाडावर पडली की ती थेट फ्रॅक्चरसारखी दिसते. माझ्याही हातून सुरुवातीला असा एक घोडा विनाकारण दोन दिवस ठाणबंद झाला. पुढचे दोन्ही पाय सारख्या उंचीच्या लाकडी ठोकळ्यांवर ठेवले नाहीत तर किरण तळव्याच्या पातळीत जात नाही. मग लॅमिनायटिसमध्ये, म्हणजे खुराच्या आतल्या थरांच्या दाहात, खुरातले हाड भिंतीपासून किती फिरले, तळवा किती पातळ झाला, ही मापे निरर्थक ठरतात. खुराच्या पुढच्या भिंतीवर चिकटवलेली बारीक तार येथे फार उपयोगी पडते.

फेटलॉकसाठी, म्हणजे खुराच्या वरच्या मोठ्या सांध्यासाठी, समोरून, बाजूने आणि दोन तिरक्या अशा किमान चार प्रतिमा मी घेतोच. तिरक्या प्रतिमांत पायाच्या बाहेरच्या बाजूची शिशाची खूण लावायची राहून गेली तर सांध्यामागची आतली आणि बाहेरची सेसमॉइड हाडे ओळखताना गोंधळ होतो. संगणकावर नंतर खूण टाकण्याची सोय आहे, पण तिच्यावर माझा विश्वास नाही.

प्रतिमा इतकी स्वच्छ येते की तिच्यात न दिसणारे दुखणे नाहीच, असे वाटू लागते. जानेवारीत सरावानंतर लंगडणाऱ्या एका घोडीच्या पहिल्या दिवशीच्या सर्व प्रतिमा निर्दोष होत्या. ताणामुळे पडलेली ताजी बारीक चीर एक्स-रेत अनेकदा दिसत नाही, आणि चिरेचा संशय असताना पाय बधिर करून तपासणे धोक्याचे, कारण वेदना थांबली की घोडा त्या पायावर पूर्ण भार टाकतो. ट्रेनरची नाराजी पत्करून तिला ठाणावरच ठेवले. बाराव्या दिवशी सांधा दुमडून घेतलेल्या प्रतिमेत नळीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी रेघ उमटली. स्नायुबंध आणि अस्थिबंध यांच्या दुखापतींसाठी सोनोग्राफीच लागते, हे मालकांना अजूनही दर वेळी समजावावे लागते.

तक्रारी दोन. जाड भिंतींच्या तबेल्यात प्रतिमा टिपणारी प्लेट आणि संगणक यांचा संपर्क मधूनच तुटतो, आणि विक्रेत्याने सांगितलेली बॅटरीची क्षमता सकाळच्या पाचव्या घोड्यापर्यंतच टिकते. शिवाय पुन्हा प्रतिमा घेणे सोपे झाल्याने एक्सपोजर नकळत वाढतात, आणि त्याचा भार प्लेट धरणाऱ्या मोतद्दारावर पडतो. अंतर दुप्पट केले की किरणांची मात्रा चौथाईवर येते. म्हणून शिशाचा ॲप्रन दिल्यानंतरही प्लेट हाताने धरू न देता मी लांब दांड्याचा धारक वापरतो. तो संचासोबत मिळाला नाही; लालबागच्या एका सुताराकडून ठोकळ्यांबरोबरच करून घेतला.