वाचायला सुरुवात कशानं करू? पानसरे की कीर, कृष्णाकाठ की अर्थात

परीक्षेसाठी नाही, स्वतःसाठी काहीतरी धड वाचायचंय म्हणणारी पोरं कोल्हापुरात बरीच भेटतात, आणि अडतात ते पहिलं पुस्तक कुठलं यावर.

इतिहासात मी दोन सांगतो, गोविंद पानसरेंचं 'शिवाजी कोण होता?' आणि धनंजय कीरांनी लिहिलेलं शाहू महाराजांचं चरित्र. पानसरेंचं मूळचं भाषण, त्यामुळं समोर बसून कुणी बोलतंय असं वाटतं, एका बैठकीत संपतं, आणि शिवाजी महाराजांनी लढाया कशा मारल्या यापेक्षा रयत त्यांच्यासाठी जीव द्यायला का तयार झाली हा त्यातला खरा प्रश्न. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावायचा नाही अशी सैन्याला ताकीद, हे वाचलं की माणूस थांबून विचार करतो. कीरांचं मात्र जाडजूड, नावं तारखा भरपूर, मध्ये दमायला होतं. पण दसरा चौकातल्या शाहू महाराजांच्या पुतळ्याला नुसता हार घालून भागत नाही ना, वेदोक्त प्रकरणात, म्हणजे महाराजांचे विधी वेदमंत्रांनी करायला पुरोहितांनी नकार दिला त्या वादात, काय घडलं आणि १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखीव ठेवायचा हुकूम कुठल्या परिस्थितीत निघाला हे सलग समजून घ्यायचं तर दम धरून कीरच वाचा. वाचायची सवय नसेल तर आधी पानसरे, यात मला शंका नाही.

राजकारण की अर्थकारण, तर आधी यशवंतराव चव्हाणांचं 'कृष्णाकाठ'. देवराष्ट्रे, कराड, तुरुंग, आपलं राजाराम कॉलेज, सगळा ओळखीचा मुलूख, फक्त १९४६ पाशी थांबतं, त्यामुळं मुख्यमंत्रिपदाचा काळ शोधू नका. अच्युत गोडबोलेंचं 'अर्थात' अ‍ॅडम स्मिथ, मार्क्स, केन्स सगळे मराठीत समजावतं, पण एका दमात वाचायचं नाही ते, रोज थोडं थोडं.

संस्कृतीसाठी इरावती कर्व्यांचं महाभारतावरचं 'युगान्त', दुसरं नाव घेत नाही. खांडववन जाळण्याबद्दल त्या जे लिहितात ते वाचल्यावर कृष्ण-अर्जुन पहिल्यासारखे दिसत नाहीत.

घरात तालमीत जाणारं पोरगं असेल तर त्याला संजय दुधाणेंचं खाशाबा जाधवांवरचं पुस्तक द्या. १९५२ ला हेलसिंकीचं ब्राँझ सगळ्यांना माहिताय, पण त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं हे किती जणांना ठाऊक आहे? विकत घेणं जमत नसेल तर करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी करा, १८५० पासूनचं वाचनालय आहे ते.