गोळे-काड्यांचा मॉडेल संच: बेंझिनपाशी गोची

बारावीच्या सेंद्रिय रसायनाला संच उत्तम, बेंझिनला (सहा कार्बनांच्या वलयाचा रेणू) अर्धवट. एका रेणूला 6 काळे गोळे (कार्बन), 6 पांढरे (हायड्रोजन), 9 आखूड काड्या आणि तीन दुहेरी बंधांसाठी 6 लवचिक काड्या लागतात. पाकीट घेतानाच मोजा. खरी खोट पुढे आहे. जोडल्यावर एकेरी-दुहेरी बंध वेगळे दिसतात, प्रत्यक्षात सहाही कार्बन-कार्बन बंध 139 पिकोमीटरचेच, कारण 6 पाय-इलेक्ट्रॉन (दुहेरी बंधांतले जादा इलेक्ट्रॉन) अख्ख्या वलयावर पसरलेले. म्हणून तर फेरिक ब्रोमाइड हा उत्प्रेरक घातल्यावर ब्रोमीनचं समावेशन (दुहेरी बंध मोडून जोडलं जाणं) न होता प्रतियोजन (हायड्रोजनच्या जागी बसणं) होतं! ते मात्र झकास दाखवता येतं: एक पांढरा गोळा काढा, ब्रोमीनचा तपकिरी बसवा. लवचिक काड्या ताठ वाटल्या तर कोमट पाण्यात बुडवा; ओढाताणीत टोकं चिरतात.