पोलोचा क्लच घरी बदलला, एअर खालून वर काढली: उन्हाळा-पावसाळा उलटल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. हायड्रॉलिक क्लचचं (केबलऐवजी पाइपातल्या ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या क्लचचं) काम घरी केलं तर पाइपात शिरलेली हवा, म्हणजे एअर, काढण्यासाठी सिरिंजने खालून वर ऑइल ढकलण्याची पद्धत माझ्या गाडीला सगळ्यात चांगली लागू पडली. मार्चमध्ये काम केलं, आता दिवाळी उलटून गेली. पहिल्या आठवड्यात क्लच जिथे पकडत होता तिथेच आजही पकडतोय.

गाडी २०१२ ची पोलो, १.२ पेट्रोल. चाकणला बनलेली आणि बहुतेक आयुष्य सातारा-पुणे रस्त्यावर पळालेली. क्लचची प्लेट झिजली होती. खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएम चढायचे, वेग तेवढाच. पेडल जड झालं होतं आणि पाय पार वर आल्यावर क्लच पकडायचा. डायफ्रॅम स्प्रिंगच्या (बशीसारख्या गोल स्प्रिंगने प्लेट दाबून धरणाऱ्या) क्लचमध्ये प्लेट पातळ होत जाते तसं पेडल जड होत जातं. जड पेडल म्हणजे केबल किंवा ऑइलचा दोष असं समजून लोक भलतीकडे खर्च करतात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

गिअरबॉक्स उतरवण्याबद्दल फार लिहीत नाही. दोन माणसं, चांगले जॅक स्टँड, गिअरबॉक्स पेलायला ट्रॉली जॅक आणि इंजिनला स्वतंत्र आधार, एवढं हवंच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी जाऊ नये. प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर ती पकड सोडवणारं रिलीज बेअरिंग, तिन्ही एकदमच बदला. बेअरिंग वाचवून पुन्हा गिअरबॉक्स उतरवायची वेळ आणण्यात काही अर्थ नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. पेडलपाशी मास्टर सिलिंडर असतो, तो ऑइल ढकलतो. पाइपच्या दुसऱ्या टोकाला स्लेव्ह सिलिंडर असतो, तो त्या दाबाने क्लच सोडवतो. या गाडीचा स्लेव्ह गिअरबॉक्सच्या बाहेर आहे. बॅटरी आणि तिचा ट्रे काढला की हात पोहोचतो. तो पाइपसकट बोल्टमधून सोडवून बाजूला बांधून ठेवला तर लाइन उघडावी लागत नाही, म्हणजे एअरचा प्रश्नच येत नाही. फक्त तो सुटा असताना क्लच पेडलला कोणी पाय लावता कामा नये, नाहीतर पिस्टन बाहेर येतो. घरात लहान मुलं असतील तर गाडीला कुलूपच लावा. माझ्या स्लेव्हचं रबरी बूट (टोकावरचं आवरण) मागे सारलं तर आत ओल दिसली, म्हणजे सील पाझरायला लागलं होतं. त्यामुळे नवा बसवला, लाइन उघडली, आणि सगळी एअर आत आली. पाइपच्या टोकाची छोटी ओ-रिंगही त्याच वेळी नवी टाकली.

काही गाड्यांमध्ये स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत, रिलीज बेअरिंगला जोडूनच असतो. तिथे गिअरबॉक्स उतरवला की ब्लीडिंग, म्हणजे एअर काढणं, ठरलेलंच. आणि पुढे तो गळाला तर गिअरबॉक्स पुन्हा खाली. अशा गाडीत क्लचबरोबर तोही नवा टाकलेला बरा.

ऑइल दाबलं तरी आकसत नाही, हवा आकसते. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा रेटला तर तो जसा थोडा आत जाऊन परत ढकलतो, तसंच लाइनमधली हवा पायाचा जोर खाऊन टाकते आणि स्लेव्हचा दांडा पुरेसा पुढे सरकत नाही. क्लच अर्धवट सुटतो, रिव्हर्स टाकताना खरखर येते. त्यातून या गाडीच्या पेडलला मदतीची स्प्रिंग आहे. पेडल अर्ध्याच्या खाली गेलं की ती खालीच ओढते. त्यामुळे एअर असताना पेडल दाबलं की जमिनीलाच चिकटून राहतं, पायाने उचलून वर आणावं लागतं. नवीन माणूस तेवढ्याने घाबरतो. काही तुटलेलं नसतं.

सुरुवात आम्ही नेहमीच्या पद्धतीने केली. मी सीटवर, मावसभाऊ निप्पलपाशी, म्हणजे स्लेव्हवरच्या एअर काढायच्या स्क्रूपाशी. "दादा, दाब. धर तसाच. उघडतोय... बंद केलं, सोड आता." पारदर्शक नळीतून आधी काळपट ऑइल आलं, मग फेस, मग पिवळसर स्वच्छ ऑइल आणि अधूनमधून एखादा बुडबुडा. पेडल निम्म्यापर्यंत सुधारलं आणि तिथेच अडलं. कारण सरळ आहे. हवा वर जाते आणि आपण तिला खाली ढकलत असतो. पाइप जिथे वर चढून परत वळतो तिथे बुडबुडा बसून राहतो. पेडलच्या एका दाबात सरकणारं ऑइल इतकं थोडं असतं की तो बुडबुडा निप्पलपर्यंत येतच नाही, पेडल सोडलं की परत वर सरकतो. भराभर पंप केलं तर फेस होऊन आणखी वाईट. तरी ही पायरी वाया गेली असं नाही. जुनं घाण ऑइल यातूनच बाहेर पडलं, आणि ते आधी बाहेर काढणं फार गरजेचं आहे. नाहीतर तोच गाळ खालून ढकलून आपण मास्टर सिलिंडरच्या सीलपर्यंत नेऊन सोडतो.

मग सिरिंज. मेडिकलमधून ५० मिलीची मोठी सिरिंज आणि फिश टँकच्या दुकानातून पारदर्शक नळी घेतली. क्लचला इथे वेगळी टाकी नाही, ब्रेक ऑइलच्याच टाकीतून एक नळी मास्टर सिलिंडरला जाते. त्यामुळे खालून ऑइल ढकललं की टाकीतली पातळी चढते. आधी टाकीतलं थोडं ऑइल उपसून घ्या, पण क्लचच्या नळीच्या तोंडाखाली पातळी जाऊ देऊ नका. ते तोंड टाकीत वरच्या बाजूला असतं, ब्रेकसाठी ऑइल राखून ठेवायला. टाकीभोवती जुने कपडे गुंडाळा. ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

सिरिंज भरली, नळीच्या टोकापर्यंत ऑइल आणून आतली हवा घालवली, नळी निप्पलवर चढवून टायने आवळली. निप्पल पाऊण आटा सैल केला आणि दट्ट्या अगदी सावकाश दाबला. पाना रिंगचाच घ्या, फिक्स पान्याने निप्पलचे कोपरे जातात. वर मावसभाऊ टॉर्च धरून टाकीत बघत होता. आधी बारीक बुडबुड्यांची रांग आली, मग एकदम एक मोठा बुडबुडा फुटला, मग पृष्ठभाग नुसता हलत राहिला. बुडबुडे थांबले तरी आम्ही आणखी थोडं ऑइल ढकललं, दट्ट्यावरचा दाब तसाच ठेवून निप्पल बंद केला आणि पेडल हळूहळू चालवलं. थोड्याच दाबांत ते घट्ट झालं. रात्रभर गाडी तशीच ठेवली. सकाळी दोन माणसांच्या पद्धतीने एकदा निप्पल उघडून पाहिलं, स्वच्छ ऑइलच आलं.

व्हॅक्यूमचा हातपंपही माझ्याकडे आहे. ब्रेकला वापरतो, या कामाला आवडला नाही. निप्पलच्या आट्यांमधून बाहेरची हवा खेचली जाते आणि नळीत बुडबुडे येतच राहतात. लाइनमधली हवा कुठली आणि बाहेरची कुठली तेच कळत नाही. टाकीच्या झाकणावर दाब देणारं प्रेशर ब्लीडर मात्र चांगलं साधन आहे. काही जण फवारणीच्या छोट्या पंपाला जादा झाकण जोडून घरीच बनवतात. जमलं तर करा, पण दाब एक बारच्या आसपासच ठेवा, टाकी प्लास्टिकची आहे.

ऑइलमध्ये काटकसर करू नका. डॉट ४ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा नवा सीलबंद डबा घ्या, अर्ध्या लिटरचा पुरून उरतो. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, पाणी शोषल्यावर किमान १५५. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे आपल्याकडच्या पावसाळ्यात अर्धा उघडा पडलेला डबा पुढच्या वेळी वापरणं धोक्याचं. इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल असलं काही चुकूनही जाऊ देऊ नका, रबरी सील फुगतात आणि त्याच टाकीवर ब्रेक आहेत. सिलिकॉनचं डॉट ५ सुद्धा यात चालत नाही. ५.१ चालतं, नावाने फसू नका.

आता इतक्या महिन्यांचा अनुभव. सुरुवातीला प्लेट बसेपर्यंत गाडी शांतपणे चालवली, अर्धा क्लच धरून चढावर उभी केली नाही. मे महिन्यात स्वारगेट ते कात्रज पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडत जाणं ही माझ्या दृष्टीने खरी परीक्षा होती. जुन्या ऑइलवर अशा ट्रॅफिकमध्ये पेडल ढिलं पडत जायचं, या वेळी काही फरक जाणवला नाही. पावसाळ्यात कासचा चढ, धुक्यात थांबत थांबत, तिथेही गिअर लोण्यासारखे पडले. सगळ्यात सुखाची गोष्ट म्हणजे पुण्याहून रात्री परत येताना डावा गुडघा दुखत नाही. टाकीवर पातळीशी रंगाचा ठिपका लावलाय, दर महिन्याला बघतो. पातळी हललेली नाही, स्लेव्हचं बूट कोरडं आहे.

तुमच्या गाडीत पेडल दोनदा मारल्यावर क्लच नीट सुटत असेल तर बहुधा एअर आहे. पेडल दाबून धरल्यावर गाडी हळूहळू पुढे सरकू लागत असेल तर मास्टर सिलिंडरच्या आतल्या सीलवर संशय घ्या, त्याला कितीही ब्लीडिंग केलं तरी उपयोग नाही. ब्लीडिंगनंतर आठवडाभर छान आणि मग पुन्हा ढिलं पडलं तर कुठून तरी गळतंय. पेडलच्या वरच्या बाजूला, दांड्यापाशी बोट फिरवून बघा, ओलं लागतं का.

ज्यांनी कधी ब्रेक पॅडही बदलले नाहीत त्यांनी गिअरबॉक्सचं काम गॅरेजलाच द्यावं. पण नुसतं पेडल ढिलं असेल तर सिरिंज, नळी आणि नवा डबा घेऊन रविवारी सकाळी घरी करून बघण्यासारखं आहे. मी ऑइल दर दोन वर्षांनी बदलणार आहे, ब्रेकच्या ऑइलबरोबरच, आणि तेही पाऊस सुरू व्हायच्या आधी.