बॅटरीची डोअरबेल की वायरची? दीड वर्ष, दोन दारं आणि बाबांचं स्टूल

"तुझी बेल पुन्हा उपाशी आहे." मागच्या वर्षी जुलैपासून यंदाच्या मेपर्यंत नागपूरहून बाबांचा फोन आला की दर पाच-सहा आठवड्यांनी हे वाक्य ठरलेलं. गेटवरची कॅमेऱ्याची बेल मी घेऊन दिली होती म्हणून ती 'तुझी'. चार्ज मात्र त्यांनाच करावी लागायची.

आई-बाबा नागपूरला स्वतंत्र घरात राहतात, दोघंच. हॉलपासून गेट वायरच्या मापाने अठरा मीटर. आईचे गुडघे दुखतात, बाबा बहात्तरचे. कोण आलंय ते मोबाईलवर दिसावं आणि नको त्या माणसाला तिथूनच परत पाठवता यावं, एवढीच गरज होती. गेटपर्यंत वायर ओढायचा कंटाळा म्हणून बॅटरीवाली घेतली. दोन स्क्रू, दहा मिनिटं, काम संपलं. त्या दिवशी मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं.

खोक्यावर सहा महिने चालेल असं लिहिलेलं होतं. ते खोटं नाही, पण ज्या दारासमोर दिवसातून चार-पाच माणसं येतात, त्या दाराचं आहे. आमचं गेट रस्त्याला लागून. स्कूल व्हॅन, भाजीची गाडी, सावलीला येऊन बसणाऱ्या गायी, शेजाऱ्यांची स्कूटर. ॲपमध्ये दिवसाला साठ-सत्तर नोंदी. बॅटरीवाली बेल एरवी झोपलेली असते. शरीराची ऊष्णता ओळखणारा पीआयआर सेन्सर तेवढा जागा असतो. त्याला हालचाल जाणवली की तो कॅमेऱ्याला उठवतो, मग वाय-फाय जागं होतं, व्हिडिओ वर जातो आणि सगळं पुन्हा झोपतं. बॅटरी खर्च होते ती या उठण्यात. त्यात राउटर हॉलमध्ये, मध्ये दोन जाड भिंती. सिग्नल कमजोर असला की तोच व्हिडिओ पाठवायला बेलला जास्त वेळ जागं राहावं लागतं. सेन्सरची तीव्रता कमी केली, रस्त्याकडचा भाग वगळला, तर एकदा आठ आठवडे गेले. त्याच्या पलीकडे कधीच नाही.

तान्हा पोळा मी विसरणार नाही. नागपूरकरांना सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला येतात. प्रत्येक पोरगं बेल दाबणार, एकदा नाही, तीनदा. आई आतून प्रत्येकाशी बोलणार, "कोणाचा रे तू?" आणि मी पुण्यात ऑफिसमध्ये लाइव्ह उघडून बैल बघत बसलेलो. दुपारी सत्तर टक्के असलेली बॅटरी दिवेलागणीला अडतीसवर. पुढे महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत पाहुण्यांनी उरलेली संपवली. घरात माणसं जास्त असतात त्याच दिवशी बेल मरते, हे मला आधी सुचायला हवं होतं.

आणि चार्जिंग म्हणजे नेमकं काय, तर स्टूल. आमच्या मॉडेलची बॅटरी वेगळी निघत नव्हती, अख्खी बेल काढावी लागायची. खालच्या भोकात पिन घालायची, दाबून धरायची, वर उचलायची. ती पिन बाबांनी कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवून ठेवली होती. बेल खांबावर जरा उंच लावलेली, कारण खाली लावली की चेहऱ्याऐवजी लोकांचे शर्ट दिसायचे. म्हणजे बहात्तरीचा माणूस पावसात स्टूलवर. मग सहा तास चार्जिंग आणि तेवढा वेळ गेटला बेलच नाही. जुनी डिंग-डाँग काढली नव्हती म्हणून निभावलं. कोणी घेणारच असेल तर बॅटरी वेगळी निघणारं मॉडेल घ्या आणि एक जादा बॅटरी घेऊन ठेवा. मी हे पैसे वाचवले आणि ते बाबांनी स्टूलवर चढून फेडले.

तरीही मी चालवून घेतलं असतं. मे महिन्याने निकाल लावला. पीआयआर सेन्सर माणूस आणि त्याच्यामागची भिंत-रस्ता यांच्या तापमानातला फरक पाहतो. नागपुरात दुपारी पारा ४५च्या घरात गेला की माणूस आणि मागचं जग जवळपास सारखंच तापलेलं. कुरिअरवाला गेटसमोर उभा राहून, दोन हाका मारून निघून गेला आणि बेलला पत्ता नाही. बटण दाबलं असतं तर वाजली असती, पण उन्हात तापलेल्या प्लास्टिकला बोट कोण लावणार? शिवाय लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांपेक्षा जास्त तापमानात चार्ज करू नये असं माहितीपत्रकातच असतं. तापलेली बेल काढून लगेच चार्जरला लावली तर ती चार्जच घ्यायची नाही. आधी कूलरसमोर ठेवून थंड करायची. आई म्हणाली, "माणसापेक्षा हिचेच लाड जास्त."

मग वायर. इथे इंटरनेटवरचा बहुतेक सल्ला आपल्या उपयोगाचा नाही, कारण तो अमेरिकेतल्या घरांसाठी असतो. तिकडे बेलसाठी वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि बटणापर्यंत कमी व्होल्टेजचीच वायर येते. व्हिडिओ डोअरबेलना साधारण १६ ते २४ व्होल्ट एसी लागतं, ते तिकडे तयार मिळतं किंवा ट्रान्सफॉर्मर बदलून मिळवता येतं. आपल्याकडे बेलचा स्विच म्हणजे दिव्याच्या स्विचचा सख्खा भाऊ, थेट २३० व्होल्टची फेज. न्यू जर्सीच्या आतेभावाने आणलेली वायरवाली बेल माझ्याकडे वर्षभर पडून होती. तिच्या पुस्तिकेत चित्र दिलंय : जुनं बटण काढा, त्याच दोन वायरी इथे जोडा. मी ते करायच्या तयारीत होतो. आमच्या वायरमनने चित्र पाहिलं, टेस्टर लावला आणि म्हणाला, "याला डायरेक्ट देलं ना भाऊ, तं फटाकाच फुटते." ज्यांनी तिकडून बेल मागवली असेल त्यांनी हे वाक्य खोक्यावर चिकटवून ठेवावं.

त्याआधी मी आणखी एक शहाणपणा करून झालो होतो. बॅटरीवाल्या बेललाच यूएसबीची लांब वायर लावून कायम चार्जिंगवर ठेवू म्हटलं. आत मोबाईलचा चार्जर, बाहेर पंधरा मीटर बारीक वायर. घरातून ५ व्होल्ट निघाले, बेल जोडलेली असताना गेटपाशी मीटरवर पावणेचार. बारीक तांब्यात लांबवर व्होल्टेज पडतं आणि मुळात पाचच असल्यावर पडायला राहतंय काय! ती वायर आता आईची कपड्यांची दोरी आहे.

शेवटी मेन बोर्डात २३० वरून २४ करणारा बेल ट्रान्सफॉर्मर बसवला, पीव्हीसी पाइपातून गेटपर्यंत नवी वायर ओढली आणि आतेभावाची बेल लावली. ट्रान्सफॉर्मर, वायर, पाइप, मजुरी मिळून २,७०० रुपये. व्होल्ट जास्त असले की लांबीचा फारसा त्रास होत नाही. मेमध्ये संध्याकाळी सगळ्यांचे कूलर-एसी सुरू झाले की आमच्याकडे १८५ व्होल्ट उरतात. ट्रान्सफॉर्मरही त्याच प्रमाणात खाली येऊन १९-२० देतो, पण बेलला तेवढं पुरतं.

एक फसगत टाळा. बऱ्याच बॅटरी मॉडेलवर 'वायरही जोडता येते' असं लिहिलेलं असतं. ती वायर फक्त बॅटरी हळूहळू भरत राहते. बेल झोपायची ती झोपतेच, पीआयआरवरच उठते. स्टूल वाचतं, पण माणूस कॅमेऱ्यात यायचा तो पाठमोराच, कारण उठेपर्यंत एक-दोन सेकंद गेलेले असतात. मुळात वायरसाठी बनवलेली बेल सतत जागी असते, चित्रातल्या बदलावरून हालचाल ओळखते आणि हालचालीच्या आधीचे काही सेकंदही दाखवते. म्हणजे माणूस गेटकडे चालत येताना दिसतो, जाताना नाही. बाबांना सगळ्यात जास्त आवडलं ते हेच.

तोटे आहेत. कोळी. पीआयआरला जाळ्याशी देणंघेणं नव्हतं. चित्र पाहणाऱ्या बेलला मात्र रात्री लेन्ससमोर हलणारा एक धागा इन्फ्रारेडच्या उजेडात दोरखंडाएवढा दिसतो. श्रावणात एका रात्री बावन्न सूचना आल्या. बाबा आता आठवड्यातून एकदा तिथे केरसुणी फिरवतात. स्टूल न घेता, एवढं बरं. दुसरं म्हणजे लाइट गेली की बेल गेली. वायरमनने ट्रान्सफॉर्मर आधी साध्या लाइनवर दिला होता, नंतर तो इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यायला लावला. राउटरही तिकडेच हवा. बॅटरीवालीचं कौतुक करणारे नेहमी म्हणतात की ती लाइट गेल्यावरही चालते. चालते, पण राउटर आणि घरात आवाज देणारा प्लगमधला चाइम दोन्ही बंद असतात, तेव्हा ती एकटीच चालत असते.

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला बेल दिवसभर वाजली आणि टक्के कुणी मोजले नाहीत. बाबा तरी गेटवरच जाऊन बसले होते, सुट्टे पैसे घेऊन.

काढलेली बॅटरीवाली मी पुण्याला आणली. भाड्याचा फ्लॅट, तिसरा मजला, भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही, म्हणून दुहेरी टेपने चिकटवली. समोरच्यांचा दरवाजा दिसू नये म्हणून जरा तिरकी. पॅसेजमध्ये कचरा नेणाऱ्या मावशी, कधीतरी पार्सल, एवढीच वर्दळ. ऊन नाही, राउटर दाराच्या मागेच. तीच बेल, तीच वर्षभर वापरलेली बॅटरी, आणि इथे एका चार्जवर जवळजवळ चार महिने जाते. मी इथे वायरच्या भानगडीत पडणार नाही.

आज ती बावीस टक्क्यांवर आहे. रविवारी काढायची, पण पिन अजून नागपुरातच त्या खिळ्याला लटकलीय. सेफ्टी पिनने निघते का बघतो.