पहिल्या वर्षाचा कंपोझिशन कोर्स : सूट मिळाली तरी ती घेऊ नये

अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांत पदवीच्या पहिल्या वर्षी कंपोझिशनचा, म्हणजे इंग्रजी लेखनाचा, कोर्स घ्यावाच लागतो, मग मुख्य विषय अभियांत्रिकी असो वा संगीत. हार्वर्डमध्ये १८८५ साली असा कोर्स पहिल्या वर्षासाठी आला आणि पुढे ही प्रथा देशभर रुजली. मी मध्य-पश्चिमेतील एका सरकारी विद्यापीठात तो पूर्ण केला असून, तिकडे जाऊ पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी हे परीक्षण लिहीत आहे. आपल्यापैकी बरेच जण ‘इंग्रजी तर येतेच’ म्हणून यातून सूट मिळवण्याच्या खटपटीत असतात. सूट मिळत असली तरी ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोर्स तीन क्रेडिटचा. व्याकरणाचे वेगळे धडे जवळजवळ नसतात. चार मोठे लेख, प्रत्येकाचे किमान दोन ड्राफ्ट, प्रत्येक ड्राफ्टवर प्राध्यापकांच्या टिपा आणि अंतिम गुण मात्र सुधारलेल्या लेखांच्या पोर्टफोलिओला. कोर्सचे खरे बळ या शेवटच्या गोष्टीत आहे, कारण पहिल्या ड्राफ्टला गुण नसल्यामुळे तो बिनधास्त मोडता येतो.

शाळेत आपण निबंध लिहितो तो परीक्षकासाठी: सुविचाराने सुरुवात, मध्ये फायदे-तोटे, शेवटी आवाहन. पाणीटंचाईवरील माझ्या लेखाचे पहिले वाक्यही ‘पाणी हे जीवन आहे’ हेच होते. प्राध्यापिकेने ते खोडले नाही. समासात एवढेच लिहिले, ‘हे मान्य नसलेला माणूस तुम्हाला कधी भेटला आहे का?’ नंतरच्या भेटीत मी लातूरची आहे आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आमच्याकडे रेल्वेने पाणी आले होते, हे बोलण्याच्या ओघात निघाले. त्यावर त्यांनी प्रश्नांची सरबत्ती केली: किती पाणी आले, किती लोकांसाठी, ते कुठून उचलले, आणि ही वेळ येईपर्यंत काय केले गेले? उत्तरे शोधताना लेखाचा रोखच बदलला. पहिल्या खेपेला १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले; २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांहून अधिक; म्हणजे माणशी दीड लिटरही नाही. ‘रेल्वेने शहर वाचवले’ असे म्हणायला निघालेला लेख लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडेपर्यंतच्या नियोजनाविषयी बोलू लागला. विधान करावे, ते कुणाला पटणार नाही याचा विचार करावा आणि त्या माणसासाठी पुरावा द्यावा, ही शिस्त मला त्या एका लेखाने लावली, आणि मराठीत लिहितानाही ती सुटलेली नाही.

कोर्सला जोडून असलेल्या रायटिंग सेंटरची सेवा विनामूल्य आहे. तेथील विद्यार्थी-मार्गदर्शक लेख ‘तपासून’ देत नाहीत, म्हणून आपल्याकडची मुले अनेकदा हिरमुसून परततात. ते लेख मोठ्याने वाचायला लावतात आणि ऐकताना आपला गोंधळ कुठे झाला तेवढे सांगतात. स्वतःचे लांबलेले वाक्य वाचताना दम लागला की ते कुठे तोडावे हे वेगळे सांगावे लागत नाही. संदर्भ देण्याच्या पद्धतींसाठी पर्ड्यू विद्यापीठाची १९९४ पासून इंटरनेटवर असलेली मोफत लेखन-प्रयोगशाळा उत्तम आहे. उदाहरणे नेमकी असून ती सर्वांना खुली आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. सहाध्यायांनी एकमेकांचे ड्राफ्ट वाचण्याचा भाग सर्वांत कमकुवत वाटला. ‘छान आहे, आवडले’ यापलीकडे फारसे कुणी जात नाही, कारण कसे वाचावे हे आधी पुरेसे शिकवलेले नसते. दुसरे, एका वर्गात २० पेक्षा अधिक विद्यार्थी नसावेत, शक्यतो १५ च असावेत, अशी या विषयाच्या अध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेची भूमिका आहे. आमचा वर्ग त्याहून मोठा होता आणि सेमिस्टरच्या उत्तरार्धात टिपा आखूड होत गेल्या. शिकवणारे अनेकदा स्वतःच पदव्युत्तर विद्यार्थी असतात, त्यामुळे यात त्यांचा दोष मी मानत नाही. विद्यापीठाने मात्र हे लक्षात घ्यायला हवे.

नोंदणी करताना वर्गाची पटसंख्या आणि गुणदान पोर्टफोलिओवर आहे की नाही, हे आधी पाहावे. शक्य असल्यास कोर्स पहिल्याच सेमिस्टरला घ्यावा, म्हणजे पुढच्या प्रत्येक विषयाच्या अहवालाला त्याचा उपयोग होतो. रायटिंग सेंटरची वेळ ड्राफ्ट देण्याच्या आठवडाभर आधीची ठरवावी. आदल्या दिवशी गेल्यास मिळालेली सूचना अमलात आणायला वेळच उरत नाही.