वसंतातला बर्फ आणि जंगलाचा रस्ता: टायरची हवा कमी करावी की साखळ्या चढवाव्यात?

फोर बाय फोर गाडी आहे, टायर बऱ्यापैकी आहेत आणि बर्फासाठी आता एकाच गोष्टीवर पैसे घालायचेत. मग काय घ्यावं? हवा सोडण्या-भरण्याचं सामान, म्हणजे चांगला गेज आणि छोटा कॉम्प्रेसर, की चाकांच्या साखळ्या? ऐन थंडीसाठी उत्तर कदाचित वेगळं येईल. इथे विचार आहे तो थंडी सरल्यावर डोंगरातल्या जंगल-रस्त्यांवर मागे उरलेल्या बर्फाचा.

हा बर्फ जड असतो. नुकत्याच पडलेल्या कोरड्या बर्फाचं वजन घनमीटरला १०० किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी भरतं. वितळून, पुन्हा गोठून, दबून बसलेला वसंतातला बर्फ ४०० ते ५०० किलोपर्यंत जातो. रात्री आभाळ मोकळं असलं की वरची पपडी इतकी टणक होते, की सकाळी गाडी तिच्यावरून सहज निघून जाते. दुपारी तीच पपडी फुटते, चाकं आत जातात आणि गाडी पोटावर बसते. सकाळी गेलेला रस्ता परतताना तसाच मिळेल, हे गृहीत धरू नये. त्यात बर्फ सलगही नसतो. उन्हातल्या वळणावर कोरडी खडी, पुढच्या सावलीच्या वळणावर गुडघाभर ढीग आणि त्यापलीकडे चिखल.

दोन्ही साधनं पकड वाढवतात असं सरसकट सांगितलं जातं आणि निवडीचा घोळ तिथूनच सुरू होतो. अशा रस्त्यावर गाडीचं दोन प्रकारे बिनसतं: ती रुतते किंवा घसरते. हवा कमी करणं हा मुख्यतः रुतण्यावरचा इलाज आहे, साखळ्या घसरण्यावरचा.

हवा कमी केल्यावर

रस्त्यावर ३२-३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असलेल्या टायरमधली हवा १५-१८ वर आणली की टायर जमिनीवर पसरतो. तो आडवा फुगल्यासारखा दिसतो, पण खरी वाढ लांबीत होते. पुढून मागे जास्त खाचा एकाच वेळी बर्फाला लागतात आणि वजन मोठ्या जागेवर वाटलं जातं. वसंतातला दाट बर्फ अशा पसरलेल्या टायरला चांगला पेलतो. दुपारी पपडी मऊ व्हायला लागते तेव्हा हा फरक स्टिअरिंगवर हात ठेवूनच कळतो. आइसलँडमधल्या हिमनद्यांवर चालणाऱ्या मोठ्या टायरच्या गाड्या तर ३-४ पीएसआयपर्यंत खाली येतात. पण ते टायर आणि त्या रिम वेगळ्या, त्यांची नक्कल साध्या गाडीवर करू नये. बीडलॉक (टायरची कड रिमला आवळून धरणारी कडी) नसलेल्या रिमवर १२ च्या खाली गेलात आणि जोरात वळवलंत, तर टायर रिमवरून निसटू शकतो.

या उपायाची दुसरी मोठी जमेची बाजू म्हणजे एकदा हवा सोडली की खडी, चिखल, बर्फ, सगळीकडे तीच चालते. दर वळणावर उतरावं लागत नाही. वेग मात्र २५-३० किलोमीटरच्या आत हवा आणि डांबरी रस्ता लागण्याआधी हवा पुन्हा भरायला हवी, नाहीतर टायर तापून खराब होतो. छोट्या कॉम्प्रेसरला चारही चाकं भरायला अर्धा तास सहज लागतो. अंधार पडायच्या वेळी तो अर्धा तास फार लांब वाटतो.

बर्फाचा काचेसारखा गोठलेला पृष्ठभाग लागला की मात्र हवा कमी करून विशेष काही हाती लागत नाही. रबराला धरायला तिथे काही नसतंच.

साखळ्या चढवल्यावर

तिथे साखळी कामाला येते. लोखंडाच्या कड्या बर्फात रुततात आणि ब्रेक, वळण, चढ या तिन्हींत फरक पडतो. शिडीसारख्या आडव्या साखळ्या पुढे-मागे छान ओढतात. पण दोन पट्ट्यांच्या मधला भाग बर्फावर आला की चाक बाजूला सरकू शकतं. चौकटीच्या जाळीची साखळी बाजूलाही धरून ठेवते. डोंगरकड्याच्या रस्त्यासाठी जाळीचीच घ्यावी, इथे मी तडजोड करणार नाही.

कारण जंगल-रस्त्यावरचा सगळ्यात वाईट प्रसंग चढाचा नसतो, आडव्या उताराचा असतो. डोंगर कापून केलेल्या रस्त्यावर वरून घसरलेला आणि वाऱ्याने आणलेला बर्फ साचतो आणि मूळचा सपाट रस्ता दरीकडे कलतो. चाक गरगरू लागलं की त्याची बाजूची पकड जवळजवळ जाते आणि गाडीचा मागचा भाग हळूहळू दरीकडे सरकायला लागतो. डिफरेन्शियल लॉक (अ‍ॅक्सलचं डावं-उजवं चाक एकत्र जखडणारी सोय) लावलेला असेल तर हे आणखी बिघडतं, कारण त्या अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं एकदम फिरतात आणि रेघ धरून ठेवायला एकही उरत नाही. सरळ चढावर ज्या लॉकने वाचवलं, तोच इथे घात करतो. अशा ठिकाणी लॉक काढावा, आणि साखळ्या नसतील तर मागे फिरावं. ढिगाच्या बाहेरच्या कडेने वळसा घालायचा मोह होतो. तिथे बर्फाखाली रस्ता असेलच असं नाही.

साखळ्यांचे तोटेही वसंतातच जास्त जाणवतात. खडीवर आणि दगडांवर त्या झिजतात, आवाज करतात, वेग ५० च्या आत ठेवावा लागतो (जंगलात तो तसाही कमीच असतो). बर्फ संपला म्हणून काढल्या की पुढच्याच वळणावर पुन्हा ढीग. तिसऱ्या वेळी माणूस कंटाळतो आणि ‘एवढं तर असंच जाईल’ म्हणून तसाच आत घालतो. रुतल्यावर कोपरापर्यंत बर्फात हात घालून साखळी बसवणं हे काम ज्याने केलं आहे, तो ढीग दिसताक्षणी थांबतो. खोल मऊ बर्फात साखळीचा उलटा परिणामही होतो: अ‍ॅक्सिलरेटर दाबलात तर ती खणत जाते आणि गाडी लवकर पोटावर बसते.

एकच जोडी असेल तर कुठे? आधी गाडीच्या पुस्तिकेत बघा. काही गाड्यांत पुढच्या सस्पेन्शनला आणि ब्रेकच्या नळीला साखळी लागण्याइतकी कमी जागा असते. एरवी मागे लावली तर चढायला जोर मिळतो, पण वळताना पुढची चाकं सरळच जात राहतात. पुढे लावली तर वळण आणि ब्रेक सुधारतो, पण उतारावर ब्रेक मारताच मागचा भाग फिरून पुढे येऊ बघतो. डोंगरी रस्त्यावर उतरावं लागणारच, म्हणून साखळ्या घ्यायच्याच असतील तर दोन जोड्यांचा हिशेब करावा.

दोन्ही एकत्र?

चालतं, पण क्रम महत्त्वाचा. साखळी लावून मग हवा सोडली तर ती सैल होते आणि टायरच्या बाजूच्या भिंतीवर (साइडवॉलवर) आपटते. आधी हवा ठरवा, फार खाली जाऊ नका, मग साखळी बसवा, थोडं अंतर जाऊन उतरा आणि पुन्हा ताणा.

गाडी कशीही असो, चाक जागच्या जागी फिरायला लागलं की पाय काढा. या बर्फावर फिरणारं चाक खालचा थर वितळवून घोटतं आणि मिनिटभरात तिथे गुळगुळीत बर्फ तयार होतो. आपल्याच चाकोरीतून मागे या, पुन्हा पुढे जा. दरवेळी थोडं पुढे सरकता येतं. वितळणारं पाणी बर्फाखालून वाहत असतं, मोऱ्या तुंबलेल्या असतात, रस्त्याचा भराव पाणी पिऊन मऊ झालेला असतो. तिथे ना हवा कामाची ना साखळी. बर्फाच्या कडेला चिखलात खोल चाकोऱ्या पडायला लागल्या तर तो रस्ता आपण खराब करतोय असं समजावं. याच कारणासाठी कित्येक ठिकाणी वनखाती वसंतात हे रस्ते बंद ठेवतात, आणि ते फाटक चुकवून जाण्यात कसलीच मर्दुमकी नाही.

मग आधी काय घ्यावं?

रस्ता रुंद असेल, दरी नसेल, ढीग तुटक असतील आणि बहुतेक वेळ खडी-चिखलच असेल, तर गेज आणि कॉम्प्रेसर. ते वर्षभर वापरात राहतात. सोबत एक चांगलं फावडं घ्या. रुतलात तर दोन-तीन तास जातील, गाडी दरीत जाणार नाही.

रस्ता अरुंद, एका बाजूला दरी, सावलीची वळणं आणि निघायची वेळ पहाटेची असेल, तर आधी साखळ्या. टायर हिवाळी असले तरीही. डोंगर आणि हिमकणाची खूण असलेला टायर प्रत्यक्ष बर्फावरच्या चाचणीतून गेलेला असतो, ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) हा शिक्का उत्पादक स्वतःच मारतो. पण गोठलेल्या आडव्या उतारावर दोन्हींवर भिस्त ठेवू नये. आणि पुस्तिकेत साखळी लावू नका असं स्पष्ट लिहिलेलं असेल, तर त्या गाडीने असा रस्ता बर्फ उतरल्यावरच करावा.