सलग व्हिडिओ की स्लाइडगणिक तुकडे?

ऑनलाइन कोर्समधला व्हिडिओ आणि 'पुढे-मागे'ची बटणं एकमेकांशी जुळवायची, तर सरळ वाटा दोनच. एकच सलग व्हिडिओ चालू ठेवून क्यू-पॉइंटवर (व्हिडिओतल्या ठरवून खूण केलेल्या वेळेला) स्लाइड बदलायची, नाहीतर प्रत्येक स्लाइडला तिचा तुकडा द्यायचा आणि तो संपला की पुढे सरकायचं. यूट्यूबचा व्हिडिओ स्लाइडवर डकवणं मी धरतच नाही. स्टोरीलाइनमध्ये (कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) तो टाइमलाइनला, म्हणजे स्लाइडच्या वेळपट्टीला, बांधता येत नाही आणि 'मीडिया कम्प्लीट्स'चा, म्हणजे 'व्हिडिओ संपला की हे कर' असा, ट्रिगर त्याच्यावर चालत नाही.

सलग व्हिडिओत शिकवणाऱ्याचा ओघ तुटत नाही, हे खरं. बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या कारखान्यासाठी लेथ मशीनवर जॉब (कापायचा धातूचा तुकडा) बांधण्यापासून पहिला कट घेईपर्यंतचं प्रात्यक्षिक असेल, तर ते तोडूच नये. पण जुळवणी नाजूक. ब्राउझरचा 'टाइमअपडेट', म्हणजे व्हिडिओ कुठवर आला हे सांगणारा इशारा, साधारण सेकंदाला चारदा येतो, त्यामुळे 'वेळ बरोबर ४२ झाली की पाचवी स्लाइड' ही अट हमखास हुकते. चालू वेळेच्या आधीचा सर्वात जवळचा क्यू-पॉइंट शोधून त्याची स्लाइड दाखवावी. मग सीकबार (व्हिडिओ पुढे-मागे ओढायची पट्टी) कुठेही ओढला तरी बिघडत नाही. 'पुढे' दाबल्यावर क्यू-पॉइंटच्या ०.१ सेकंद पुढे जावं, नाहीतर कधीकधी आधीचीच स्लाइड परत येते. शिवाय बटण व्हिडिओ हलवतं आणि व्हिडिओ पुन्हा स्लाइड हलवतो. ते चक्र तोडायला एक फ्लॅग, म्हणजे 'हा बदल बटणाने केला' अशी कोडमधली खूण, लागतो.

हे सगळं एकदा बसवलं की बसतं. सलग व्हिडिओवरून माझं मन उडालं ते भाषेपायी. बडोद्यात कोर्स एका भाषेत क्वचितच राहतो: आधी गुजराती, मग मराठी, बरेचदा हिंदीही. 'मशीन बंध कर्या पछी ज गार्ड खोलो' आणि 'मशीन पूर्ण थांबल्याशिवाय गार्ड उघडू नका' ही वाक्यं एकाच वेळेत संपत नाहीत. तिसऱ्या स्लाइडवर दोन सेकंद वाढले की चौथीपासून शेवटपर्यंतचा प्रत्येक क्यू-पॉइंट दोन सेकंद सरकवा. मंजुरीनंतर सेफ्टीवाल्यांनी एक शब्द बदलला की पुन्हा तेच, आणि तेही प्रत्येक भाषेत वेगळं.

तुकडे असले की तेवढीच फाइल बदलायची. ट्रिगर सेकंद मोजत नाही, शेवट पाहतो. सबटायटलही प्रत्येक तुकड्यात शून्यापासून सुरू होतात.

तुकड्यांचीही कटकट आहेच. एफएफएमपेगने (व्हिडिओ कापायच्या प्रोग्रॅमने) 'कॉपी' करून, म्हणजे पुन्हा एन्कोड न करता, कापलं तर काप कीफ्रेमला (ठरावीक अंतराने येणाऱ्या पूर्ण चित्राला) बांधला जातो आणि मागच्या वाक्याचं शेपूट ऐकू येऊ शकतं. म्हणून पुन्हा एन्कोड करून कापावं. दोन्ही टोकांना अर्धा सेकंद शांतता ठेवली की जोड फारसा जाणवत नाही. स्टोरीलाइनच्या 'व्हेन रिव्हिजिटिंग'मध्ये (स्लाइडवर परत आल्यावर काय व्हावं, त्या सेटिंगमध्ये) 'रिझ्यूम सेव्हड स्टेट' राहिलं, तर 'मागे' आलेल्याला शेवटच्या फ्रेमवर गोठलेला व्हिडिओ दिसतो. तिथे 'रिसेट टू इनिशियल स्टेट' हवं. पहिल्या स्लाइडवर 'सुरू करा' बटण दोन्ही पद्धतींत लागतंच, कारण २०१८पासून क्रोम क्लिकशिवाय आवाजी व्हिडिओ सहसा आपोआप चालू देत नाही.

एकाच भाषेचा, पुन्हा हात न लागणारा कोर्स असेल तर सलग व्हिडिओला ना नाही. एरवी मी तुकडेच सुचवीन. लेथसारखं लांब प्रात्यक्षिक एकाच स्लाइडवर अख्खं ठेवावं आणि क्यू-पॉइंट त्या स्लाइडपुरतेच द्यावेत. स्टोरीलाइनमध्ये टाइमलाइन चालवून बघताना 'सी' कळ दाबली की क्यू-पॉइंट तिथे उमटतात. भाषा बदलून वेळ घसरली तरी ती त्या स्लाइडबाहेर जात नाही.